वाचणारा आधी ठरव

पैठण,
अनंत चतुर्दशी

चि. छोटीस,


तुझं पत्र पोचलं. नोव्हेंबरचे तीस दिवस तुम्ही मैत्रिणी रोज लिहिणार, ओळखीपाळखीच्या लोकांकडून पानामागे काही रक्कम कबूल करून घेणार आणि जमेल तो पैसा आपल्या पैठणच्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी देणार, हे वाचून मन भरून आलं. शेवटी तू विचारलं आहेस, ‘मामा, हे करावं का?’ अगं, जरूर करा. मात्र पहिलं पान लिहायच्या आधी एक गोष्ट नक्की करून घ्या : तुम्ही लिहाल ते वाचणार कोण?

तुम्ही जिथून ही कल्पना उचललीत तो अमेरिकेतला उपक्रम मला वाचून ठाऊक आहे. १९९९ साली ख्रिस बेटी नावाचा तरुण आणि त्याचे मित्र, असे एकवीस जण जमले आणि महिनाभरात कादंबरी लिहायचा पण त्यांनी केला. पुढे आकडा ठरून गेला : पन्नास हजार शब्द, म्हणजे दिवसाला साधारण १,६६७. बघता बघता जगभरातले लाखो लोक त्यात आले, शाळकरी मुलांसाठी वेगळी शाखा निघाली, जमलेल्या पैशातून कंबोडिया आणि लाओसमध्ये मुलांची वाचनालयं उभी राहिली. २०२५ मध्ये तो उपक्रम चालवणारी संस्था बंद झाली, पण तिने केलेलं काम मोठं आहे. तिथला नियम असा की लिहीत सुटायचं, मागे वळून बघायचं नाही. ज्याचा हात धजत नाही त्याच्यासाठी हा नियम उत्तमच. पण तिथे सगळी धडपड लिहिणाऱ्यासाठी होती. तुमचं तसं नाही. तुम्ही ज्यांच्यासाठी पैसे जमवणार आहात त्यांना अजून वाचताच येत नाही. मग तुमच्या लिहिण्याचा आणि त्यांच्या वाचण्याचा काही संबंध नको का?

असाच एक पण आपल्या गावात पूर्वी लागला होता. सोमदेवाच्या कथासरित्सागरात तो आला आहे. प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, राजा सातवाहन राण्यांबरोबर जलक्रीडा करत असताना एक राणी संस्कृतात काही बोलली. राजाला ते कळलं नाही, त्याने भलतंच केलं आणि सगळ्यांसमोर त्याचं हसं झालं. तो खोली बंद करून बसला. जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. न शिकलेल्या मोठ्या माणसाची लाज किती खोल जाते हे ज्याने कुणी ही कथा रचली त्याला चांगलं माहीत होतं. दरबारात दोन पंडित. गुणाढ्य म्हणाला, व्याकरण शिकायला बारा वर्षं लागतात, मी सहात शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो, नाही जमलं तर बारा वर्षं तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. गुणाढ्य उसळून म्हणाला, तू जिंकलास तर संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा मी सोडल्या.

शर्ववर्मा जिंकला. कार्तिकेयाच्या कृपेने त्याला नवं व्याकरण मिळालं असं कथा सांगते. ते व्याकरण खरोखर आहे, त्याचं नाव कातंत्र. पाणिनीपेक्षा आटोपशीर, शिकणाऱ्याला धरता येईल असं. बंगालात, काश्मिरात ते पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं, तिबेटी भाषेतही गेलं. गुणाढ्य मात्र मौन धरून विंध्याच्या रानात गेला, पैशाची भाषा शिकला, आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा त्याने लिहिली. राजाने ती नाकारली. मग अग्नी पेटवून तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. सहा लाख श्लोक जळाले. राजा धावत आला तेव्हा एक लाख उरले होते.

मला गुणाढ्याबद्दल अपार माया आहे. त्याच्या उरलेल्या कथांवर पुढे सगळा देश पोसला. पण तुमच्या महिन्यासाठी मी तुम्हाला शर्ववर्म्याच्या बाजूला बसवीन. त्याने ग्रंथ केवढा होईल याचा विचार केला नाही, समोरच्या शिकणाऱ्याला किती पेलेल ते पाहिलं.

तुझा शिकणारा कोण ते आता सांगतो.

आमच्या वाचनालयात संध्याकाळी एक मुलगा येतो. चौदा वर्षांचा, आठवीत आहे. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो, चैत्रात परततो, आणि वर्ग तेवढा पुढे सरकलेला असतो. परवा तो पेपर घेऊन बसला होता, क्रिकेटच्या पानावर. मी शेजारी पुस्तकांवर नंबर टाकत होतो. बोट शब्दाखाली ठेवून तो ओठातल्या ओठात वाचत होता. ‘रो-हि-त’ जमलं. ‘शतक’ जमलं. पुढे ‘विक्रम’ आला. ‘वि’ म्हणाला आणि बोट ‘क्र’पाशी थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, कुणाला विचारलंही नाही. पान उलटलं आणि फोटो बघत राहिला. नंतर मी त्याच्यापुढे सोपं पुस्तक सरकवलं, सशाचं, मोठ्या चित्रांचं. त्याने ते मुकाट्याने पेपरखाली झाकलं, कारण पलीकडे दुसरीतली पोरं बसली होती.

इथेच सगळी अडचण आहे, छोटी. त्याला जेवढं वाचता येतं तेवढ्यात त्याच्या वयाचं काही लिहिलेलंच नाही, आणि त्याच्या वयाचं जे आहे ते त्याला वाचता येत नाही. मारून मुटकून त्याला सशाच्या गोष्टीत बसवलं तर तो उद्यापासून यायचा बंद होईल. हा मुलगा काही एकटा नाही. ‘प्रथम’ ही संस्था ‘असर’ नावाची पाहणी करते, तिची पट्टी साधी आहे : अक्षरं, मग सुटे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्क्यांना दुसरीची ती गोष्ट वाचता आली. बाकीची निम्मी तशीच सहावीत, आठवीत जातात. पुढे त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की कादंबरी बाजूला ठेवा. तुम्ही सगळ्या मिळून या मुलासाठी गोष्टी लिहा. एक गोष्ट एका पानाची, फार तर दोन पानांची. वाक्य एका दमात वाचून होईल एवढं. पहिल्या काही गोष्टींत जोडाक्षरं जवळजवळ नकोतच, मग हळूहळू येऊ द्या, आणि एखादं जोडाक्षर आणलंत की त्याच गोष्टीत ते चार-पाच वेळा भेटू द्या, म्हणजे डोळ्याला त्याची ओळख राहते. हे वाटतं तेवढं सोपं नाही. ‘प्रयत्न’, ‘प्रश्न’, ‘स्वप्न’ हे शब्द टाळून एक पान लिहून बघ, किती वेळा पेन अडतं ते कळेल. आणि अक्षर सोपं ठेवताना आशय बालिश होऊ द्यायचा नाही. चौदा वर्षांच्या मुलाने कोयता धरलेला असतो, मोळी बांधलेली असते, मुकादमाची उचल फिटली नाही म्हणून घरात काय बोलणं होतं ते त्याने ऐकलेलं असतं. त्याला उपदेश नको, गाय-वासराची बोधकथा नको. त्याला भांडण हवं, शर्यत हवी, भूत हवं, फसवणूक हवी, पैसा कसा मिळाला आणि कसा गेला ते हवं.

विषय इथेच पडलेले आहेत. मागावर बसणाऱ्या बाईला विचार, पैठणीच्या पदरातला बांगडी मोर विणताना एक धागा चुकला तर किती उसवावं लागतं. जायकवाडीचा पाया १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला, १९७६ मध्ये इंदिराजींनी धरणाचं लोकार्पण केलं, एवढं पाठ्यपुस्तकी झालं. पण धरणाच्या पाण्यात, नाथसागरात, ज्यांची गावं गेली ती माणसं अजून आपल्यात आहेत. घर सोडताना दारं-चौकटी कशा काढून नेल्या, देव कसे हलवले, हे त्यांच्या तोंडून ऐकून लिहा. तुमच्यातली एखादी पुण्याची मुलगी म्हणेल, मला यातलं काही माहीत नाही. तिला म्हणावं, तुझ्या गल्लीतल्या वॉचमनची, डबेवाल्या मावशीची गोष्ट लिही. माहीत नसलेलं रंगवण्यापेक्षा ते बरं.

आणि या कामाला आपल्या गावात फार मोठा आधार आहे. एकनाथांनी भागवत मराठीत आणायला पैठणात सुरुवात केली, काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारायला बोलावलं, आणि तिथेच १५७३ मध्ये त्यांनी ग्रंथ पुरा केला. एवढा अधिकार असलेला माणूस भारूड लिहायला बसला तेव्हा मात्र जोशी, गारुडी, वासुदेव, महार यांच्या तोंडून बोलला, कारण समोर बसणाऱ्यांना ते बोलणं ओळखीचं होतं. सोपं लिहिणं हे खालच्या दर्जाचं काम आहे असं तुमच्यातल्या कुणाला वाटलं तर तिला नाथषष्ठीला घेऊन ये, वाळवंटात बसून एक भारूड पुरतं ऐकू दे.

आता पैशाचं. पानामागे रक्कम हा प्रकार मला पसंत नाही. पानावर पैसे लावले की पानं वाढतात, ओळी सैल होतात, आणि आपल्याला नेमकी आटोपशीर गोष्ट हवी आहे. त्यापेक्षा दिवसावर ठेवा. ‘ही मुलगी ज्या ज्या दिवशी तासभर लिहायला बसेल त्या दिवसाचे माझे दहा रुपये’ असं देणाऱ्याने कबूल करावं. कुणी असंही सुचवेल की मुलाने गोष्ट वाचून दाखवली की पैसे द्यायचे. त्याला ठाम नाही म्हणा. मुलाच्या वाचण्यावर पैसे लागले की ते पोर पुन्हा परीक्षेला बसतं, आणि परीक्षेला भिऊनच तर ते इथे आलेलं असतं. त्याच कारणाने सांगतो, हातात पुस्तक देऊन मुलांचे फोटो काढायचे नाहीत आणि देणगीदारांना पाठवायचे नाहीत. देणाऱ्याला हिशेब मिळेल, छापील पुस्तक मिळेल. कोणाला वाचता येत नव्हतं, ते त्याला कळायची गरज नाही.

मोठ्या देणगीदाराच्या मागे फार लागू नका. थोड्या थोड्या पैशातून कामं उभी करणं आपल्याकडे जुनं आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला, वर्षाला माणशी एक पैसा, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. अण्णासाहेब कर्व्यांनी तर वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, जिथे शाळा नाही अशा खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि त्याच्यासाठी पुण्यात घरोघर फिरले. महिला विद्यापीठ स्थापन केलेला माणूस त्या वयात थोड्या थोड्या पैशांसाठी दारात उभा राहत होता. तुम्ही विशीतल्या आहात. मोबाइलवरून निरोप पाठवून थांबू नका, शेजारच्या दाराची कडी वाजवा. समोर बसून सांगितलं की माणूस दहा रुपयेही विचार करून देतो, आणि पुढे आठवणीने विचारतो, ‘काय गं, त्या पोरांचं काय झालं?’ ती विचारपूस मला रकमेहून मोलाची वाटते.

पैसा कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर घेऊ नका, तुझ्या नाही, माझ्याही नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेशी आधी बोला, तिच्या खात्याचाच क्यूआर कोड छापा, तिचीच पावती द्या. दोन हजारांच्या वर रोख घेतलं तर देणाऱ्याला देणगीवरची करसवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वही एकच असावी, ती दोघींच्या ताब्यात असावी, आणि जो मागेल त्याला दाखवावी.

पैसा कशावर घालायचा हेही आत्ताच बोलून घेऊ, कारण जमल्यावर शंभर सूचना येतात. कपाट नको, फलक नको, उद्घाटन तर नकोच. पुस्तकांनाही मी दुसरा नंबर देईन. पहिला खर्च माणसावर. संध्याकाळी तास-दीड तास मुलांशेजारी बसणारी, ‘क्र’पाशी बोट थांबलं की न हसता ‘क्र’ म्हणणारी एक बाई किंवा एखादा कॉलेजचा मुलगा, त्याला महिन्याचं नीट मानधन. फुकट काम करणारा पहिल्या महिन्यात येतो, तिसऱ्यात त्याला क्लास लागतो किंवा नोकरी लागते, आणि मुलं दाराशी येऊन परत जातात. मानधन दिलं की आपल्याला रोज वेळेवर ये म्हणता येतं.

एक अडचण तुमच्या ध्यानात आलेली दिसत नाही. तुम्ही नोव्हेंबर धरला आहे. आपल्या तालुक्यातून, शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या त्याच सुमाराला. म्हणजे तुम्ही पुण्यात लिहीत असाल तेव्हा तुमचे निम्मे वाचक कारखान्याच्या आसपास कोपीत राहायला गेलेले असतील. हंगामी वसतिगृहात काही मुलं मागे राहतात, ती भेटतील. बाकीची चैत्र-वैशाखात येतील. तेव्हा महिना बदलू नका, पण पुढचे महिने आत्ताच मांडून ठेवा. नोव्हेंबरात लिहायचं. मार्गशीर्ष-पौषात दुरुस्ती. नाथषष्ठी फाल्गुनात, तोवर छापून हातात. मुलं परतली की वाचायला सुरुवात. पुढच्या दिवाळीला टोळ्या निघतील तेव्हा प्रत्येक मुलाच्या पिशवीत दोन पुस्तकं.

दुरुस्तीचे दोन महिने पाहून कपाळाला आठी घालू नकोस. नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणजे स्वतःचं एवढं लिहून झालेलं असताना दुसऱ्याच्या ओव्यांचे पाठ ताडून बघत बसले. आज आपल्यापर्यंत ज्ञानेश्वरी नीट पोचली त्यात त्या बैठकीचा वाटा आहे. तुमच्यातल्या एकीने तरी महिनाभर काही न लिहिता इतरांच्या गोष्टींतली अवघड वाक्यं सोडवायचं काम घ्यावं. तिच्या दिवसाचेही दहा रुपये धरा.

भरभर लिहिण्याबद्दल तू साने गुरुजींचा दाखला दिला आहेस. खरं आहे, ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ एवढ्या पाच दिवसांत लिहून झाली. पण त्या पाच दिवसांआधी त्या आठवणी गुरुजींच्या मनात वर्षानुवर्षं होत्या, आणि कुणाला सांगायच्या आहेत तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात तुम्हीही भरभर लिहाल. दहाव्या-बाराव्या दिवशी साठा संपेल, सबमिशन येतील, कुणी आजारी पडेल, एक-दोघी गळतील. गळणाऱ्यांना टोचून बोलू नका. त्यांना कच्चं लिखाण सुवाच्य उतरवून काढायला द्या, चित्रं काढायला द्या. लाजेने माणूस काम कायमचं सोडतो.

आणखी एक. तुमची गोष्ट पुरी झाली की नाही ते तुम्ही ठरवायचं नाही. इथे तीन-चार मुलं आहेत, मी त्यांच्यापुढे कागद ठेवीन, नाव न सांगता. जिथे बोट थांबेल तिथे पेन्सिलीने बारीक खूण करीन. जिथे पोरगं हसेल किंवा ‘पुढं काय झालं?’ म्हणेल तिथेही खूण करीन. कागद तसाच तुला परत पाठवीन. खुणा पाहून रागवायचं नाही.

तेव्हा नोव्हेंबरची वाट न पाहता दसऱ्यापर्यंत चार गोष्टी पाठव, वेगवेगळ्या चौघींच्या. त्यातली एक तरी क्रिकेटची असू दे, आणि त्यात ‘विक्रम’ हा शब्द मुद्दाम घाल, पाच वेळा. संस्थेचं मी इथे दोन ठिकाणी बोलून ठेवतो, पावतीपुस्तकाचं पक्कं झालं की कळवतो. मानधनावर बसायला तयार असलेली एक मुलगी माझ्या नजरेत आहे, डी.एड. झालेली, घरी बसून आहे. तिला दिवाळीत तुझ्याशी भेटवतो.

ताईला आणि दाजींना नमस्कार. दिवाळीला चार दिवस आधीच ये, आणि मैत्रिणींपैकी दोघींना तरी बरोबर आण. राहायची सोय माडीवर होईल.

तुझा,
मामा

ता.क. गोष्टी टाइप करून पाठवणार असशील तर अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको आणि दोन ओळींत अंतर सोड. आमच्याकडचा दिवा मंद आहे, आणि बोट ठेवायला जागा लागते.